जाळीचं दार लावावं का? भाड्याच्या घरातून समजलेली संशोधन-प्रश्नाची गोष्ट



पेटची तयारी करणाऱ्या किंवा नुकतंच रजिस्ट्रेशन झालेल्या मुलामुलींशी बोलताना एक प्रश्न हमखास येतो: "ताई, टॉपिक तर सापडलाय, पण सिनॉप्सिस लिहायला बसलं की पुढे सरकतच नाही." मला स्वतःला आरआरसीसमोर पहिल्यांदा उभं राहिल्यावर हाच अनुभव आला होता. समितीतल्या सरांनी एकच विचारलं होतं, "यात तुमचा प्रश्न नेमका कोणता?" आणि माझ्याकडे विषय होता, प्रश्न नव्हता.

विषय आणि प्रश्न यांतला फरक मला खऱ्या अर्थाने लॅबमध्ये नाही, तर कळमनुरीतल्या आमच्या भाड्याच्या घरात कळला. म्हणून आज उदाहरण तिथलंच. आधीच सांगते, मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे, डासांची तज्ज्ञ नाही. पण त्यामुळे एक फायदा झाला. आपल्या विषयाबाहेरचं काही वाचायची वेळ आली की वाचायचं कसं, हे नव्याने शिकावं लागतं.

झालं असं

मागच्या पावसाळ्यात आईला डेंग्यू झाला. नांदेडला ॲडमिट करावं लागलं. रोज सकाळी प्लेटलेटचा आकडा ऐकायचा आणि मग चहा घ्यायचा, असे ते दिवस. आई बरी झाली. पण यंदा माझी मोठी बहीण बाळंतपणाला माहेरी येणार आहे, आणि तेही ऐन पावसाळ्यात. आईने फर्मान काढलं, "बाळ यायच्या आत समोरच्या दाराला जाळीचं दार लागलं पाहिजे."

बाबांचं म्हणणं वेगळं. "घर आपलं नाही. उद्या मालकाने खाली कर म्हटलं तर दार डोक्यावर घेऊन जायचं का?" फॅब्रिकेशनवाल्या दादांनी ॲल्युमिनियमच्या चौकटीचं, सात बाय तीन फुटाचं दार ४,२०० रुपयांना सांगितलं. फेलोशिपचे पैसे वेळेवर येतात असं नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोघांनीही माझ्याकडे बघितलं. "तू एवढी रिसर्च करतेस ना, मग सांग."

मी आपली लगेच मोबाईल काढून शोधायला बसले: "जाळीच्या दाराने डेंग्यू कमी होतो का?" दोन तास वाचूनही काही ठरवता आलं नाही. एक लेख म्हणे होतो, दुसरा म्हणे नाही. तेव्हा लक्षात आलं की माझी चूक शोधण्यात नव्हती, प्रश्नात होती.

पहिली पायरी: प्रश्न फोडा

"जाळीचं दार लावावं का?" हा दिसायला एक प्रश्न आहे. प्रत्यक्षात त्याच्या पोटात निदान पाच प्रश्न आहेत:

१. जाळीतून डास आत येऊ शकतो का? (हा मोजमापाचा प्रश्न.)
२. आमच्या घरात डास दारातूनच येतात का? (हा निरीक्षणाचा प्रश्न.)
३. जाळी लावलेल्या घरांत डास आणि आजार खरंच कमी होतात का? (हा प्रयोगाचा, म्हणजे आधी झालेल्या अभ्यासांचा प्रश्न.)
४. भाडेकरूला असं दार लावता येतं का आणि जाताना काढून नेता येतं का? (हा कायद्याचा प्रश्न.)
५. एवढे पैसे त्यावर घालावेत का? (हा निर्णयाचा प्रश्न.)

बघा, प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या ठिकाणी आहे. पहिल्याला फूटपट्टी लागते, दुसऱ्याला डोळे, तिसऱ्याला जर्नल, चौथ्याला अधिनियम आणि पाचव्याला घरातली चर्चा. मी पाचही प्रश्न एकाच वेळी मोबाईलला विचारत होते. तुमचा सिनॉप्सिस अडला असेल तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. एकच मोठं वाक्य आणि त्याच्या पोटात वेगवेगळ्या जातीचे चार-पाच प्रश्न.

आता एकेक घेऊ.

जाळी म्हणजे नेमकं काय?

दुकानात गेलं की "मच्छरची जाळी द्या" म्हटलं की मिळते. पण संशोधनात "जाळी" हा शब्द पुरत नाही. तिचं माप सांगावं लागतं. जाळी "मेश"मध्ये मोजतात, म्हणजे एका इंचात किती घरं. समजा जाळी १८ × १६ ची आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याला १८ ने भागलं की १.४१ मिलिमीटर. त्यातून तारेची जाडी, समजा ०.२८ मिलिमीटर, वजा केली की मोकळं भोक उरतं सुमारे १.१३ मिलिमीटरचं. दुसऱ्या बाजूने तोच हिशेब केला की १.३१ मिलिमीटर. एवढ्या भोकातून पंख-पाय घेऊन डास सहसा आत शिरत नाही.

याच आकड्यांतून दुसरी गोष्टही निघते. मोकळ्या जागेचं प्रमाण काढा: दोन्ही बाजूंचे गुणोत्तर गुणले की साधारण ०.६६ येतं. म्हणजे जाळीचा दोन-तृतीयांश भाग मोकळा आणि एक-तृतीयांश तार. वारा त्याहूनही थोडा जास्त अडतो, कारण बारीक भोकांतून जाताना हवेला घर्षण होतं. धूळ बसली की आणखी अडतो. मे महिन्यात आपल्याकडे चाळिशीच्या वर पारा जातो, तेव्हा ही गोष्ट लहान नाही. जाळी बारीक केली की कीटक जास्त अडतो आणि वाराही जास्त अडतो. दोन्ही एकदम मिळत नाही.

आणि "कीटक" हाही एक नाही. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तातून १९६५ मध्ये एक विषाणू वेगळा केला गेला. गावाच्या नावावरूनच त्याला चांदीपुरा विषाणू म्हणतात. तो लहान मुलांना जास्त गाठतो आणि वाळूमाशीमार्फत पसरतो. ही वाळूमाशी डासापेक्षा बरीच लहान असते. डासांच्या नेहमीच्या जाळीतून ती आरामात जाते. म्हणजे "जाळी लावली, आता बाळ सुरक्षित" हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या मापाची जाळी आणि कोणत्या कीटकासाठी, हे सांगितल्याशिवाय ते ना खरं ठरतं ना खोटं. तुमच्या सिनॉप्सिसमधल्या प्रत्येक मुख्य शब्दाला हीच कसोटी लावा.

डास येतो कुठून?

हा प्रश्न मी सोडूनच दिला होता, आणि सगळ्यात जास्त यानेच शिकवलं.

एका दुपारी मी घरातले दिवे बंद केले, खिडक्यांवर चादरी टाकल्या, समोरचं लाकडी दार लावलं आणि आत उभी राहिले. जिथून उजेडाची रेघ दिसते, तिथून डासाला वाट आहे. दाराखाली अर्ध्या इंचाची फट निघाली. हिशेब करा: तीन फूट रुंदी म्हणजे ९१४ मिलिमीटर, गुणिले १२. सुमारे ११० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दारात साडेदहा सेंटिमीटर लांब-रुंद असं चौकोनी भोक पाडून ठेवल्यासारखंच! जाळीचं दारही या उंबऱ्यावर असंच अधांतरी बसलं असतं, तर १.१३ मिलिमीटरचा सगळा हिशेब पाण्यात.

मग एका रविवारी संध्याकाळी ५ ते ८ मी ओट्यावर वही घेऊन बसले आणि दार किती वेळा उघडतं ते मोजलं. चाळीसेक वेळा. दूधवाला, शेजारच्या काकू, बाबांची चप्पल, मांजर. शिवाय दिवेलागणीला आई दार मुद्दाम सताड उघडं ठेवते. त्या वेळी लक्ष्मी येते, दार लावायचं नसतं. बहुतेक तुमच्याही घरी असंच असेल. अडचण अशी की डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि सूर्यास्ताआधी त्याचा जोर असतो. तो थांबायच्या सुमाराला गटारीच्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स सुरू होतो. म्हणजे लक्ष्मीच्या वेळेला दोघांचीही ये-जा.

आणि मग मागच्या अंगणात गेले. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही, त्यामुळे हौद, पिंप, बादल्या, जे मिळेल ते भरून ठेवलेलं असतं. कूलर उन्हाळा संपल्यावर तसाच उभा होता, तळाशी पाणी. टॉर्च मारला तर त्यात अळ्या वळवळत होत्या. एडिस असाच घरातल्या नि घराभोवतीच्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला अनुकूल हवेत आठवडा-दहा दिवस पुरतात. आरोग्य विभाग "आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा" म्हणतो, त्यामागे हाच हिशेब आहे. आठवड्याला भांडं रिकामं करून घासलं की अळीचा डास व्हायच्या आत साखळी तुटते.

म्हणजे डास आमच्याच कूलरमध्ये तयार होत होते आणि मी ४,२०० रुपयांचं दार लावून त्यांना बाहेर ठेवायच्या विचारात होते! या भेटीनंतर माझा मूळ प्रश्नच बदलला. "जाळीचं दार लावावं का" याऐवजी "आधी काय करावं आणि त्यानंतर दाराने किती भर पडेल" असा झाला. रिसर्चमध्ये याला प्राथमिक निरीक्षण म्हणा, पायलट म्हणा. त्याला पैसे लागत नाहीत, आणि तरी आपण ते टाळतो, कारण वाचत बसणं सोपं असतं.

आता जर्नलकडे वळू

प्रश्न नीट झाल्यावर वाचनही नीट होतं. वैद्यकीय संशोधनात प्रश्न बांधायला "पायको" नावाची एक चौकट वापरतात. त्यात चार गोष्टी विचारतात: कोणावर, काय केलं, कशाशी तुलना केली आणि काय मोजलं. मी प्रत्येक अभ्यासाला हेच चार प्रश्न विचारले.

सुरुवात जुन्या गोष्टीपासून. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाच्या परजीवीचा माग लागला. तेव्हा सिकंदराबाद आणि आपला हा भाग, दोन्ही निजामाच्या संस्थानात होते. तीन वर्षांनी, १९०० मध्ये, पॅट्रिक मॅन्सन यांनी इटलीत रोमजवळच्या ओस्तिया भागात एक प्रयोग करवला. हिवतापासाठी कुप्रसिद्ध असलेल्या त्या दलदलीत तारेच्या जाळ्या लावलेली झोपडी उभारली. लुई सँबन आणि जॉर्ज लो हे डॉक्टर साथीदारांसह तिथे हंगामभर राहिले. सूर्यास्ताआधी आत यायचं, सूर्योदयानंतर बाहेर पडायचं. त्यांना हिवताप झाला नाही. त्याच काळात इटलीत रुग्णांना चावलेले डास लंडनला पाठवून मॅन्सन यांच्या मुलाला चावू दिले. त्याला लंडनमध्ये बसून हिवताप झाला.

दोन्ही बाजू कशा जुळवल्या आहेत बघा. दलदलीत राहूनही डास चावला नाही तर आजार नाही, दलदलीपासून दूर राहूनही डास चावला तर आजार. दलदलीच्या "खराब हवेने" ताप येतो या समजुतीला हे फार मोठं उत्तर होतं. पण आपला प्रश्न वेगळा आहे. त्या झोपडीत फक्त जाळी नव्हती, शिस्तही होती. अंधार पडायच्या आत घरात! जाळीचा वाटा किती आणि शिस्तीचा किती, हे त्या प्रयोगातून सुटं करता येत नाही. आणि आमच्या घरी दार तासाला तेरा-चौदा वेळा उघडतं.

दुसरा अभ्यास २००९ चा, "द लॅन्सेट"मधला, पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशातला. ५०० घरं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्या तशी तीन गटांत वाटली. एका गटात दारं-खिडक्यांना जाळ्या आणि वळचणी बंद, दुसऱ्या गटात फक्त छताखाली जाळी, तिसऱ्यात काहीच नाही. काहीच न केलेल्या घरांत सापळ्यात रात्रीला सरासरी ३७.५ ॲनोफिलिस गांबिए डास सापडले, पूर्ण जाळ्यांच्या घरांत १५.२ आणि छताखाली जाळी असलेल्या घरांत १९.१. म्हणजे पूर्ण जाळ्यांनी डास साधारण ५९ टक्के कमी. मुलांमधल्या रक्तक्षयाचं प्रमाण १९ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलं.

इथे थांबून खुश व्हायचा मोह होतो. मलाही झाला. पण त्याच अभ्यासात मुलांच्या रक्तात परजीवी सापडण्याच्या प्रमाणात गटागटांत फरक दिसला नव्हता. म्हणजे "काय मोजलं" यावर निष्कर्ष बदलतो: डास मोजले तर फरक मोठा, रक्तक्षय मोजला तर फरक आहे, परजीवी मोजले तर नाही. शोधनिबंधाच्या सारांशातला आपल्याला आवडणारा एकच आकडा उचलायचा नसतो, तो यासाठी.

तिसरा अभ्यास पुन्हा गांबियातलाच, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. गवती छपराच्या घरांची तुलना पत्र्याचं छत, बंद वळचणी आणि जाळीची दारं असलेल्या सुधारित घरांशी केली. या वेळी मुलांमधल्या हिवतापापासून जादा संरक्षण दिसलं नाही. तिथे तोवर हिवताप कमी झालेला होता आणि दोन्ही गटांकडे मच्छरदाण्या होत्या. मग २००९ चा अभ्यास खोटा का? नाही. तुलना कशाशी, हेच बदललं होतं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला जाळी देणं वेगळं, आणि जो आधीच मच्छरदाणीत झोपतो त्याला जाळी देणं वेगळं.

आणि सगळ्यात मोठा मुद्दा: हे दोन्ही अभ्यास हिवतापाचे, रात्री चावणाऱ्या डासाचे, आणि तो डास भारतात आढळतही नाही. मला भीती डेंग्यूची, म्हणजे दिवसा चावणाऱ्या एडिसची. त्याच्या जवळचं काम मेक्सिकोत झालंय. अकापुल्को शहरात दारं-खिडक्यांना जाळ्या बसवल्या आणि घरातले एडिस कमी झाले. पण त्या जाळ्या कीटकनाशक लावलेल्या होत्या, आणि सोबत डास वाढतात ती पाण्याची ठिकाणंही हाताळली होती. फॅब्रिकेशनवाले दादा मला देणार ती साधी जाळी. मोजले होते तेही डास, आजारी माणसं नव्हेत.

या सगळ्याची गोळाबेरीज मी वहीत तीन ओळींत लिहिली. एक, नीट बसवलेल्या जाळ्यांनी घरातले डास कमी होतात, याला चांगला आधार आहे. दोन, त्यामुळे आजार किती कमी होतो हे जागेवर, डासावर आणि लोक आधीपासून काय वापरतात त्यावर अवलंबून आहे. तीन, "एकट्या समोरच्या दाराला साधी जाळी लावल्याने डेंग्यू टळतो" असं मी वाचलेला एकही अभ्यास म्हणत नाही. तिसरी ओळ लिहायला जड गेली, कारण आईला हेच वाक्य हवं होतं.

घर आपलं नाही, त्याचं काय?

बाबांचा प्रश्न मी आधी हसण्यावारी नेला होता. पण तो जर्नलच्या प्रश्नाइतकाच गंभीर निघाला.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ यातलं कलम १०८ वाचा. वेगळा करार किंवा स्थानिक रिवाज नसेल तर भाडेकरूने मालकाच्या संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करायचं नाही, असं ते सांगतं. आणि भाडेकरूने जडवलेली वस्तू त्याला काढून नेता येते, पण जागा ताब्यात असेपर्यंतच. एकदा किल्ली दिली की नाही. शिवाय जागा होती तशी करून द्यायची. म्हणजे भिंतीत भोकं पाडली तर ती बुजवणंही आपल्याकडे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम १६ मध्ये तर याच्या जवळचाच उल्लेख आहे. लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं तर मालक जागा परत मागू शकतो. पण स्पष्टीकरणात म्हटलंय की लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दार, हवा येण्यासाठीची जाळी अशी कामं, जिथे लागेल तिथे नगरपालिकेच्या परवानगीने केली, तर ती कायमस्वरूपी बांधकामात धरायची नाहीत. वाचून मला वाटलं, जिंकले! पण हा कायदा सरसकट प्रत्येक गावाला लागू नाही. कोणत्या भागांना लागू, हे त्याच्या अनुसूचींत दिलंय. म्हणून आधी अनुसूची बघायची, मग कलम. गांबियाचा आकडा कळमनुरीला लावायची घाई आणि अनुसूची न बघता कलम सांगायची घाई, दोन्ही एकाच जातीच्या चुका आहेत. निष्कर्ष कुठवर लागू होतो, ती हद्द आधी तपासा.

आणि खरं सांगू का, आपल्याकडे अशी कामं कलमांनी होत नाहीत, बोलून होतात. मी मालककाकांकडे गेले. "काका, ताईचं बाळंतपण आहे, दाराला जाळी बसवायची म्हणते. चौकटीला स्क्रूने बसेल, भिंतीला हात लावणार नाही, जाताना स्क्रूची भोकं बुजवून देऊ." काका म्हणाले, "बसव की बाळा, त्यात काय एवढं." मी म्हटलं, "काका, दोन ओळी लिहून ठेवू का? दार आमचं, जाताना आम्ही नेणार, असं." ते हसले. "तुझ्या बापाने इतकी वर्षं एक कागद मागितला नाही." पण सही केली. तोंडी बोलणं चांगल्या मनानेच होतं, पण दोन वर्षांनी कोणाला काय आठवेल सांगता येत नाही. लॅब नोटबुकवर रोज तारीख टाकून सही का घ्यायची, त्याचंही कारण हेच.

मग घरी प्रयोग का नाही केला?

मनात आलं होतं. आराखडाही केला होता. तुमच्या सरावासाठी देते. चुंबकाचा तात्पुरता जाळीचा पडदा लावायचा. रोज नाणं उडवून ठरवायचं, आज पडदा लावायचा की गुंडाळायचा. रोज रात्री ठरलेल्या वेळी दहा मिनिटं एकाच खोलीच्या भिंतींवर बसलेले डास मोजायचे. पाऊस पडला का, कॉइल लावली का, लाइट गेली का, याची नोंद ठेवायची. नाणं का? कारण नाहीतर ज्या दिवशी डास जास्त वाटतात त्याच दिवशी आपण पडदा लावू, आणि मग आकडे सांगतील की पडद्याने डास वाढतात!

यातल्या अडचणीही तुम्हीच शोधा. मोजणाऱ्याला पडदा आहे की नाही हे माहीत असतं. घर एकच आहे. आदल्या दिवशी शिरलेला डास दुसऱ्या दिवशीही भिंतीवर असू शकतो. आणि सगळं नीट जमलं तरी कळेल ते डासांबद्दल. डेंग्यूबद्दल एका घरातून काहीही कळणार नाही.

आईला आराखडा दाखवला. ती म्हणाली, "बाळ यायच्या आधी दार लागलं पाहिजे. तुझा प्रयोग मग कर." मला राग आला, पण तिचं बरोबर होतं. पुरावा पूर्ण होईपर्यंत संशोधन थांबू शकतं, निर्णय थांबत नाही. निर्णय घेताना एक जादा प्रश्न विचारावा लागतो: माझं चुकलं तर किती महाग पडेल? दार लावलं आणि फार उपयोग झाला नाही, तर काही हजार रुपये गेले. दोन वर्षं राहिलो तर महिन्याला १७५ रुपये, सहाच महिन्यांत घर सोडावं लागलं तर महिन्याला ७००, आणि दार बरोबर नेता येतं. दार लावलं नाही आणि त्याचा उपयोग होणार होता, तर काय, हे आम्ही मागच्या पावसाळ्यात पाहिलंय. दोन्ही चुका सारख्या नाहीत.

शेवटी काय केलं

क्रम लावला. पहिल्यांदा फुकटची कामं: कूलर रिकामा करून पुसून ठेवला, हौदाला झाकण, पिंपांना कपडा बांधला, आणि शनिवार हा घरचा कोरडा दिवस. त्यानंतर कमी पैशांची: खिडक्यांना चिकटपट्टीची जाळी, दाराखालच्या फटीला रबराची पट्टी. बाळासाठी मच्छरदाणी, दिवसा झोपतानाही. आणि सगळ्यात शेवटी जाळीचं दार, स्प्रिंगच्या बिजागरीचं म्हणजे आपोआप लागणारं, बाहेरच्या बाजूला उघडणारं. आत उघडलं असतं तर जाळीवर बसलेले डास प्रत्येक वेळी आत ढकलले गेले असते, आणि लाकडी दारालाही अडलं असतं.

आता दिवेलागणीला लाकडी दार सताड उघडं असतं आणि जाळीचं बंद. लक्ष्मीला वाट आहे, असं आईचं समाधान. डेंग्यूपासून हे घर सुरक्षित झालं असा दावा मी करणार नाही. डास कमी व्हावेत याची जितकी व्यवस्था करता येते तितकी केली, एवढंच म्हणेन. घरात पहिल्यांदा माझं "एवढंच" कोणी कमी समजलं नाही. बाबा म्हणाले, "निदान काय माहीत आहे आणि काय नाही, ते तरी कळलं."

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमचा विषय एका कागदावर एका वाक्यात लिहा. मग त्याच्या पोटातले प्रश्न वेगळे काढा, किमान चार. प्रत्येकासमोर लिहा: याचा पुरावा कुठे मिळेल? मोजून, बघून, वाचून की विचारून? मुख्य शब्दांना माप द्या. सगळ्यात जवळचे तीन शोधनिबंध घेऊन त्यांना ते चार प्रश्न विचारा: कोणावर, काय केलं, कशाशी तुलना, काय मोजलं. आणि शेवटी, वाचायला बसण्याआधी एकदा मागच्या अंगणात जाऊन या. तुमच्या विषयातला कूलर कुठे ठेवलाय ते बघा. जो प्रश्न उरेल, तो घेऊन आरआरसीसमोर उभे राहा.

पुढच्या लेखात शोधनिबंधातला तक्ता कसा वाचायचा ते बघू. तोपर्यंत, कोरडा दिवस पाळा.